तुटल्यास नवीन

टेम्पो खाली बसला तेव्हा लॉरेन्सचे फक्त पाय बाहेर होते. एका पायात चप्पल होती, दुसरी उडून गटाराजवळ पडली होती. आवाज फार मोठा झाला नाही. भरलेलं पोतं टाकल्यावर होतो तेवढाच. पण साकीनाक्याच्या ज्या गल्लीत सकाळपासून ठोकाठोक चालायची, तिथले सगळे हात एकदम थांबले.

"जॅक बसला! जॅक बसला!" कुणीतरी ओरडलं. त्याच्यामागून दुसरा ओरडला, "नार्वेकरचा जॅक होता रे!"

मी समोरच नार्वेकरच्या हत्यारांच्या दुकानात, दारात बसून नट आवळायचे पाने रॉकेलने पुसत होते. नार्वेकर एका गिऱ्हाइकाला पक्कड दाखवत होता. ती त्याने हवेत सोडली आणि पळाला. मी हात न धुता त्याच्यामागे.

गॅरेजची माणसं टेम्पोला खांदे लावून उचलायला लागली होती. उचलतात कसली! मागची दोन्ही चाकं काढलेली, पुढची दोन जमिनीवर, आणि गल्लीला नाल्याकडे उतार. टेम्पोचा मागचा आस, म्हणजे चाकांमधला दांडा, लॉरेन्सच्या छातीवर आला होता. तो पुरता खाली आला नाही, कारण त्याच्या एका टोकाखाली लॉरेन्सची हत्यारांची पेटी आली होती. पेटीचा पत्रा फाटून आतले पाने बाहेर आले होते, आणि त्या पान्यांच्या ढिगावर अख्खा टेम्पो टेकला होता. माणसांनी खांदा लावला की ढिगातून कर्र आवाज यायचा.

"हात लावू नकात!" नार्वेकर ओरडला. "सोडा सगळ्यांनी! ढकललात तर घसरतलो तो!"

सगळे मागे सरले. नार्वेकर रस्त्यावर पालथा पडला आणि त्याने टेम्पोखाली डोकं घातलं.

"लॉरेन्स, मेल्या, आसस काय?"

आतून काही आलं नाही. मग खोकल्यासारखं काहीतरी आलं.

पुढचं सांगते. पण जॅक ज्याचा होता तोच माणूस टेम्पोखाली का शिरला, हे त्याला ओळखल्याशिवाय कळायचं नाही.

भिकाजी नार्वेकर आमच्याच वाडीतला. माझ्या नवऱ्याहून लहान, म्हणून मी त्याला भावोजी म्हणायचे आणि अरे-तुरेही करायचे. तो मला वयनी म्हणायचा. उंचीने माझ्या खांद्याला लागायचा आणि अंगावर चिमटीत धरण्याएवढं मांस नव्हतं. आवाज मात्र एवढा, की तो दुकानात बोलला तर नाक्यावरच्या रिक्षावाल्याला आपल्याला हाक मारली असं वाटायचं. बोलायचा मुंबईचं मराठी, पण राग आला, भूक लागली किंवा आनंद झाला की मालवणीवर यायचा. म्हणजे दिवसभर मालवणीच.

माझ्या नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि तो घरी बसून छताकडे बघायला लागला, तेव्हा मी नार्वेकरकडे काम मागायला गेले. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला हत्यारांच्या दुकानात काय काम असणार, हे मलाही कळत नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं.

"भावोजी, मला पान्यातलं काही कळत नाही."

"मडकी कळतात?"

"मडक्याचं काय?"

"बाजारात मडकं कसं घेतेस गो?"

"टिचकी मारून. बद्द वाजलं तर ठेवून देते."

"कित्याक?"

"चिरलेलं असतं म्हणून. कुणीही सांगेल."

त्याने मांडी ठोकली. दाराशी एक काळा दगड मांडलेला होता, पाट्याएवढा. त्यावर त्याने एक पाना उंचावरून टाकला. टण्ण करून वाजला आणि आवाज मागे रेंगाळला. मग दुसरा टाकला. तोही तसाच चकचकीत, उलट जास्तच चकचकीत. तो नुसता खट वाजला.

"आता सांग."

"दुसरा चिरलेला."

"चिरलेला नाय, ओतलेला! बिडाचा!" तो आनंदाने ओरडला. "वरून मुलामा, आत बीड. पहिला घडलेला. पोलाद तापवून, घण मारून घडवलेला. वयनी, आजपासून तू हय बस आणि मडकी वाजव!"

ते माझं काम. माल आला की एकेक पाना दगडावर टाकायचा, ऐकायचा, बद्द वाजला तर बाजूला. उरलेले रॉकेलने पुसून ग्रीसचा हात लावून ठेवायचे. गल्लीतून जाणाऱ्या बाया बघायच्या, ही पातळ नेसलेली बाई लोखंड आपटत काय बसली आहे. बघू देत. घरी चूल पेटत होती.

दुकानाला नाव नव्हतं. दारावर एक पाटी होती, तिच्यावर एवढंच: "हत्यारं मिळतील. तुटल्यास नवीन." पाटीखाली आडवी तार होती आणि त्या तारेवर तुटलेली हत्यारं टांगलेली असायची. जबडा फाकलेले पाने, टोक मोडलेले पेचकस, दात गेलेल्या पकडी. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, काय हा माणूस, आपलाच मोडका माल दारात टांगतो! मी पण पहिल्या आठवड्यात तेच बोलले.

"भावोजी, लोक चांगलं दारात लावतात, मोडकं मागे ठेवतात."

"मोडका मागे ठेवलंय तर मी ता बदलून दिलंय ह्या कोणाक कळतला?"

पण बदलून मिळवणं सोपं नव्हतं. पैसे मागायचा नाही, पावती मागायचा नाही. तो एकच गोष्ट मागायचा. कसं तुटलं ते खरं सांग. मेकॅनिक लोक आणि खरं! पान्याला लांब पाईप चढवून जोर लावायची सगळ्यांना सवय. नट हलत नाही म्हटलं की घाल पाईप. पाना हाताच्या जोरासाठी घडवलेला असतो, पाईप लावला की दोन माणसांचा जोर येतो आणि जबडा फाकतो. हे सगळ्यांना ठाऊक आणि सगळे तेच करायचे. वर येऊन सांगायचे, "मामा, काय पण नाय केलं, हातात घेतला आणि तुटला."

नार्वेकर पाना उलटा करून दांड्यावर नख फिरवायचा. पाईपचा ओरखडा तिथे असायचाच.

"हातात घेतलास आणि तुटला?"

"आईशप्पथ मामा."

"बरा. वयनी, हेका चाय दी. पिऊन झाल्यावर हो पानो घेऊन घराक जा."

खोटं बोलणाऱ्याला चहा, खरं बोलणाऱ्याला नवीन पाना. असा त्याचा कायदा. एक दांडगा पंजाबी ट्रकवाला आला, मोडका पाना टेबलावर आपटून म्हणाला, "पाईप लगाया, फिर पाईप पे मैं खुद खडा हो गया." नार्वेकरने त्याला दोन पाने दिले. एक मोडल्याबद्दल आणि एक हिमतीबद्दल.

ही बातमी गल्लीभर झाली, आणि मग लोक कबुली द्यायला यायला लागले. अशी कबुली, की देवापुढे कुणी दिली नसेल. एकाने पेचकसाने नारळ सोलला होता.

"नारळ खंयचो होतो?" नार्वेकरने विचारलं.

"देवगडचा, मामा. सासऱ्याने पाठवलेला."

"मग ठीक आसा. मुंबईचो असतो तर दिलंय नसतंय."

एकाने कानसीने बायकोच्या पायाच्या भेगा घासल्या होत्या. एकाने पक्कड वापरून स्वतःची दाढ काढली होती आणि पकडीचं टोक वाकलं होतं. दाढ वाकली की पक्कड, यावर दुकानात अर्धी सकाळ वाद झाला. त्याला नार्वेकरने नवीन पक्कड दिली आणि "ही दाढेसाठी नाय हा" असं वर बजावलं. मी हसून हसून रॉकेलचं भांडं सांडलं.

माणूस चांगला होता असं मी सरळ म्हणणार नाही. कान किटवायचा. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. जेवताना बांगड्याचे काटे टेबलावर ओळीने लावायचा आणि ते उचलायला मी. दुपारी जेवून आल्यावर माशाचा हात कुणी पान्याला लावला तर मात्र अंगावर धावून यायचा, कारण मीठ लागलं की गंज. आणि स्तुती. स्तुतीपुढे हा माणूस लोण्याचा गोळा. "मामा, तुझ्यासारखा माल नाक्यावर नाय" एवढं म्हटलं की छाती पुढे, हनुवटी वर, डोळे बारीक. मी त्याला एकदा सांगितलंही, "भावोजी, हे लोक तुला फुगवतात आणि चहा पितात." तर म्हणतो, "पिऊ दे गो. खोटां तर बोलणत नाय!"

त्याच्या त्या फुगण्याची एक दुसरी बाजूही होती, आणि ती मला आवडायची. सफारी घातलेला एक विक्रेता एकदा दुकानात आला. हातात लाल मखमलीची पेटी, उघडली तर आत पाने झोपवलेले, लग्नातल्या दागिन्यांसारखे. बरोबर सोनेरी कडेचं कार्ड.

"आयुष्यभराची ग्यारंटी," विक्रेता म्हणाला.

"कोणाच्या आयुष्याची?" नार्वेकरने विचारलं. "ह्येच्या, माझ्या की तुझ्या?"

"लाईफटाईम, काका. कार्डावर छापलंय."

"बरं. मग बघू या."

दुकानात मोठा शिकंजा होता, लाकडी ओंडक्यावर ठोकलेला. त्यात नार्वेकरने एक जाडा नट घट्ट पकडला, त्याला मखमलीतला पाना लावला आणि दोन्ही हातांनी दांडा धरून पाय वर घेतले. लोंबकळला. आवळ्याच्या फांदीला माकड लोंबकळावं तसा. हे तो प्रत्येक नवीन मालाला करायचा. त्याचं वजन ते काय! चांगला पाना त्याला तसाच झुलवत ठेवायचा. हा मात्र कुरकुरला, जबडा फाकला आणि नार्वेकर धपकन ओल्या रॉकेलच्या फडक्यावर बसला.

गल्लीतली माणसं जमली होतीच. हशा झाला. नार्वेकर उठला, पार्श्वभाग झटकला आणि फाकलेला पाना विक्रेत्याच्या हातात ठेवला.

"दे बदलून."

विक्रेता घुटमळला. "काका, कसं आहे, ही ग्यारंटी घरगुती वापरासाठी आहे. गॅरेजमध्ये, धंद्यासाठी रोज वापरला तर ती लागू नाही. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात आहे."

नार्वेकरने कार्ड उलटून डोळ्यांशी नेलं.  मग त्याने गल्लीकडे तोंड केलं.

"आयकलास रे? काम केला तर ग्यारंटी नाय! पेटीत निजवून ठेवला तर आयुष्यभर ग्यारंटी!" आणि विक्रेत्याला म्हणाला, "अरे, असली ग्यारंटी तर मी माझ्या बायकोक पण देतंय. ती गावाक आसा, मी हय. वीस वर्षांत एक भांडण नाय!"

त्या हशात सफारीवाला कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. फाकलेला पाना मात्र विसरून गेला. नार्वेकरने तो तारेवर टांगला, सगळ्यांच्या पुढे.

आता लॉरेन्स. मढचा पोरगा, कोळीवाड्यातला. आधी बापाच्या होडीचं इंजिन दुरुस्त करायला शिकला, मग समोरच्या गॅरेजमध्ये लागला. गॅरेजच्या मालकापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना "तू" म्हणायचा आणि कुणाला राग यायचा नाही. येताना कधी सुके बोंबील आणायचा, कधी ताजे. नार्वेकरचा तो लाडका, कारण त्याने कधी खोटी शपथ घेतली नाही. "मामा, पाईप लावला, वर हातोडी पण मारली, शिव्या पण दिल्या" असं आल्या आल्या सांगून टाकायचा. त्याच्या पेटीतलं एकूण एक हत्यार नार्वेकरकडचं, दगडावर वाजवलेलं, माझ्या हाताने पुसलेलं.

जॅकचा नार्वेकरचा एक नियम होता. जॅक एकटा विकायचा नाही. जॅकबरोबर घोडी घ्यायचीच. घोडी म्हणजे लोखंडाची तिपाई, पिन घालून उंची कमीजास्त करायची. गाडी जॅकने उचलायची आणि चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, घोडी सरकवून तिच्यावर ठेवायची. "जॅक उठवण्यासाठी, घोडी राहण्यासाठी," असं तो प्रत्येकाला सांगायचा. "जॅकाच्या पोटात तेल आणि रबराचा वायसर. रबर म्हणजे जीभ. कधी पलटेल सांगता येणा नाय."

लोक हो हो म्हणायचे आणि घोडी दुकानातच ठेवून जायचे. जड असते, न्यायची कुणी? "राहू दे मामा, उद्या नेतो." तो उद्या कधी आला नाही. कोपऱ्यात अशा घोड्यांचा कळप झाला होता. मी त्यांच्यावर फळी टाकून बसायचे. आणि गंमत बघा, दुसऱ्याचा जॅक असेल तर हीच माणसं भीतीने चाकं, ओंडके, दगड काय मिळेल ते गाडीखाली घालायची. नार्वेकरचा जॅक असेल तर काही घालायची नाहीत. नार्वेकरचा आहे, बसणार कसा? त्याची पाटी वाचून वाचून त्यांना वाटायला लागलं होतं, की या दुकानातलं लोखंड आपल्याला फसवणारच नाही.

लॉरेन्स जॅक घ्यायला आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. नार्वेकरने जॅक काढला आणि घोडी पुढे सरकवली.

"घोडी कशाला, मामा?" लॉरेन्स मोठ्याने म्हणाला, चार माणसांना ऐकू जाईल असं. "ज्याचा जॅक खोटा त्याला घोडी लागते. तुझा शब्द खोटा हाय काय?"

माणसं हसली. "बरोबर बोलला लॉरेन्स," कुणीतरी म्हणालं.

मी नार्वेकरकडे बघत होते. छाती पुढे आली. हनुवटी वर गेली. डोळे बारीक झाले.

"जा," तो म्हणाला, "ने तसोच."

घोडी कोपऱ्यात परत गेली.

तर तो जॅक बसला होता. आणि नार्वेकर टेम्पोखाली डोकं घालून विचारत होता, आसस काय.

खोकला ऐकू आल्यावर त्याने डोकं बाहेर काढलं. तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज शाबूत. "पुढच्या चाकांक दगड लावा! दोनय बाजूंनी!" माणसं धावली, दगड लावले. उताराचा प्रश्न मिटला. आता उचलायचं कसं? आसाखाली जॅक घालायला जागाच उरली नव्हती. चासीच्या एका आडव्या पट्टीखाली तेवढी जागा होती, आणि ती आत होती, लॉरेन्सच्या डोक्याच्या पलीकडे. हात पोहोचत नव्हता. माणूसच आत जायला हवा होता, आणि त्या फटीत मावेल असा माणूस गल्लीत एकच होता.

"वयनी! दुकानातून जॅक आण!"

मी आणला. तसाच, त्याच मालातला, लॉरेन्सला दिलेल्याचा भाऊ. पळत आणला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने जॅककडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"घोडी खंय हत?"

"कोपऱ्यात."

"सगळ्या आण. जॅकावर माझो विश्वास नाय."

हे वाक्य तो एवढ्या माणसांसमोर बोलला. ज्याच्या एका शब्दावर सगळं गॅरेज डोळे मिटून गाडीखाली शिरत होतं, तो माणूस. कुणी हसलं नाही. आम्ही घोड्या ओढत आणल्या. माझ्या बसायच्या फळीखालच्या, धूळ खाल्लेल्या, काहींना कोळ्याची जाळी.

तो उताणा होऊन, आधी डोकं, मग खांदे, असा आत सरकला. त्याचे पाय लॉरेन्सच्या पायांच्या विरुद्ध बाजूने बाहेर राहिले. मी वाकून बघत होते. पान्यांचा ढीग त्याच्या कानापासून वीतभर लांब होता.

"काय रे," आतून त्याचा आवाज आला, "रडतस?"

"नाय," लॉरेन्सचा आवाज. बारीक, तुटक. "डोळ्यात ग्रीस गेलाय."

"गप पडून र्‍हव. बोलू नको."

"तूच बोलतोस मामा."

"माका बोलूक होया. बोललंय नाय तर हात कापतत."

मग जॅकचा दांडा हलायला लागला. कुच, कुच, कुच. बाहेर आम्ही सगळे श्वास धरून. चासी बोटभर उचलली की तो ओरडायचा, "घोडी!" आणि बाहेरून दोघं जण घोडी चासीखाली सरकवायचे, पिन घालायचे. परत कुच, कुच. "पिन वर घे! वर घे!" एकदा ढिगातून पाने खळकन घसरले. पेटी एका अंगावर कलंडली. बायकांपैकी कुणीतरी किंचाळली, तिथे बाई मी एकटीच होते, म्हणजे मीच असणार. टेम्पो खटकन खाली आला. केसभर. घोड्यांवर येऊन थांबला. घोड्या हलल्या नाहीत.

 मग परत कुच, कुच.

आस छातीवरून सुटला तसा लॉरेन्सने मोठा श्वास घेतला. तो श्वास घेतानाचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल. "ओढा!" नार्वेकर ओरडला. माणसांनी लॉरेन्सचे पाय धरून त्याला सरळ बाहेर ओढलं. तोंड काळंनिळं, शर्ट फाटलेला, छातीवर आसाचा पट्टा उठलेला. डोळे उघडे होते. टॅक्सी आडवी घातली होती, तिच्यात त्याला ठेवलं. दार लावायच्या आधी त्याने बोट वर केलं.

"मामाला सांगा," तो म्हणाला, "जॅक बदलून पायजे."

गल्ली अशी हसली, की मला वाटलं पत्रे उडतील. माणसं हसत होती, रडत होती, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होती. कुणीतरी टेम्पोच्या टपावर थाप मारली, तसं मी त्याच्यावर खेकसले, "अरे शहाण्या, आत अजून एक माणूस आहे!"

नार्वेकर आतच होता. त्याचे हात इतके कापत होते, की त्याला बाहेर सरकता येईना. त्यालाही पाय धरून ओढावं लागलं.

लॉरेन्सच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि खांद्याचं हाड. नार्वेकर त्याला बघायला हॉस्पिटलात गेला, तर तिथल्या खाटेचं चाक कुरकुरत होतं. त्याने खिशातला पाना काढून ते आवळलं. मग शेजारच्या खाटेचं. मग तिसऱ्या. नर्सने त्याला वॉर्डाबाहेर काढलं. लॉरेन्सशी तो काय बोलला, तर लॉरेन्स सांगायचा, काहीच नाही. खाटा आवळल्या आणि गेला.

बरा होऊन लॉरेन्स दुकानात आला तो बसलेला जॅक घेऊनच आला. दोन हातांत, पूजेचं ताट आणावं तसा. नार्वेकरने तो शिकंज्यात धरून उघडला. आतला रबरी वायसर कडेने फाटला होता. कुणाचा दोष? बनवणाऱ्याचा म्हणता आला असता. नार्वेकर तो रबराचा तुकडा बोटात धरून फिरवत राहिला. गिऱ्हाइकं होती, चहा आला होता, निवला.

"मामा, खरं सांगतो," लॉरेन्स म्हणाला, त्या दुकानाच्या कायद्याप्रमाणे. "घोडी नाय लावली."

"मी पण खरा सांगतंय," नार्वेकर म्हणाला. "मी दिलंय नाय."

जॅक त्याने तारेवर टांगला, सफारीवाल्याच्या पान्याच्याही पुढे. तार वाकली. मग नवीन जॅक काढला आणि त्याला दोन घोड्या साखळीने बांधल्या, कुलूप लावल्यासारख्या.

"आणि घोडी नको म्हटलं तर?" लॉरेन्सने डिवचलं.

"तर जॅक पण नाय. चाय पण नाय."

त्या दिवसापासून दुकानातून जॅक एकटा गेला नाही. लोक कुरकुरले, त्याला म्हातारा म्हणाले, दुसऱ्या दुकानात गेले, परत आले. कोपऱ्यातल्या घोड्या संपल्या आणि मला बसायला काही राहिलं नाही, तेव्हा स्टूल आणलं. नार्वेकरने रंगारी बोलावून पाटीवर एक ओळ वाढवून घेतली. जागा कमी पडली म्हणून अक्षरं बारीक आली, त्यावरून रंगाऱ्याशी भांडण झालं. "त्या सफारीवाल्याच्या कार्डासारखी झाली," नार्वेकर चिडून म्हणाला आणि पाटी पुसून परत लिहायला लावली. सगळी अक्षरं सारखी. "हत्यारं मिळतील. तुटल्यास नवीन. माणूस सोडून."

त्याला मी शेवटचं पाहिलं ते लॉरेन्सच्या लग्नात. मढला, चर्चबाहेर. नवरा-नवरी फुलं लावलेल्या गाडीत बसलेली, बॅण्डवाले वाजवायला तयार, आणि गाडीचं मागचं चाक बसलेलं. ड्रायव्हरने डिकीतून जॅक काढून लावला. तेवढ्यात गर्दीतून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला नार्वेकर धावत आला.

"उतरा! दोघांय उतरा! घोडी खंय हा?"

"काका, चाक तर बदलायचंय," ड्रायव्हर म्हणाला. "पाच मिनिटं."

"घोडी खंय?"

घोडी कुठली असणार! त्याने नवरीला गाडीतून उतरवलं, तिचा पांढरा झगा चिखलात नको म्हणून दोन करवल्यांच्या हाती दिला, आणि चर्चच्या कुंपणाचे दगड आणायला पोरं पिटाळली. पाद्रीबाबा बघत राहिले. लॉरेन्स कोटाच्या बाह्या वर करून स्वतः दगड लावायला बसला. "लाव आणखी एक," नार्वेकर त्याच्या डोक्यावर उभा राहून सांगत होता, "अजून एक, हलता हा तो!" बॅण्डवाल्यांना कंटाळा आला आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्या वाजवण्यात चाक बदललं गेलं. दगड काढेपर्यंत नार्वेकर गाडीच्या अंगाला हात लावून उभा होता. नवरा-नवरी परत बसली, गाडी गेली, आणि हा मागे शर्टाला काळं फासून, हनुवटी वर करून, लोकांकडून स्तुती ऐकत उभा.

तोवर माझं काम सुटलंच होतं. मुलगा कमवायला लागला होता आणि आम्ही मुलुंडला राहायला गेलो होतो. पुढे नार्वेकर दुकान विकून गावाला गेला असं ऐकलं. भेट झाली नाही.

टेम्पोखाली दोघं गेले होते. लॉरेन्स आणि नार्वेकर. दोघंही जगले.